दिवस राहण्याआधीचे तीन महिने: आहाराची तयारी कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई २८ वर्षांच्या असून पूर्ण शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत. नुकत्याच केलेल्या तपासणीत त्यांचे हिमोग्लोबिन १०.४ आले आहे. त्यांचे पती ३२ वर्षांचे आहेत, कारखान्यात शिफ्टची नोकरी करतात आणि अधूनमधून तंबाखू खातात. येत्या चार-सहा महिन्यांत दिवस राहावेत अशी दोघांची इच्छा आहे. तोपर्यंत आहारात काय बदल करावा, घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली पथ्ये कितपत पाळावीत आणि दुकानात मिळणारी ‘गर्भधारणेसाठीची’ पावडर घ्यावी का, हे त्यांनी विचारले आहे. स्त्रियांच्या आहाराविषयी अनेक वर्षे सल्ला देत असताना मला जे महत्त्वाचे वाटत आले, ते येथे मांडतो.

ताई, तुम्ही हा प्रश्न दिवस राहण्याआधी विचारलात याचा मला मनापासून आनंद वाटतो, कारण बहुतेक स्त्रिया आहाराचा विचार पाळी चुकल्यावर सुरू करतात आणि तोपर्यंत काही महत्त्वाचा काळ निघून गेलेला असतो. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेपासून तयार होतात, ती नलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. त्या वेळी पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि अनेकींनी अजून तपासणीही केलेली नसते. स्त्रीबीजाची शेवटच्या टप्प्यातील वाढ सुमारे तीन महिने चालते, तर पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू तयार होण्यास साधारण अडीच महिने लागतात. म्हणून किमान तीन महिने आधी आणि दोघांनी मिळून तयारी सुरू करावी, असे मी प्रत्येक जोडप्याला सांगतो. तुमच्या हाती चार-सहा महिने आहेत, ही चांगली गोष्ट आहे.

पहिली गोष्ट आहाराच्या पलीकडची आहे. फोलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आजपासून रोज एक घ्यावी आणि दिवस राहिल्यावर पहिले तीन महिने ती चालू ठेवावी. मेथी, पालक, चवळीची पाने, हरभरा, मूग यांत हे जीवनसत्त्व नैसर्गिक रूपात असते. परंतु बराच वेळ शिजवताना त्याचा मोठा भाग नष्ट होतो आणि उरलेले शरीरात पूर्णपणे शोषले जात नाही. म्हणून उत्तम आहार असणाऱ्या स्त्रीलाही मी ही गोळी सांगतो. मज्जारज्जूचे व्यंग असलेले बाळ आधी झालेल्या स्त्रियांमध्ये, आधीपासून फोलिक अ‍ॅसिड घेतल्यास त्याच व्यंगाचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतो, हे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवले. मात्र औषधांच्या दुकानात सर्रास मिळते ती ५ मिलिग्रॅमची गोळी, म्हणजे तुम्हाला हव्या असलेल्या मात्रेच्या साडेबारापट. एवढी मोठी मात्रा आधीच्या बाळात असे व्यंग असल्यास, फिट्सची औषधे चालू असल्यास, मधुमेह असल्यास किंवा अशाच एखाद्या कारणासाठी डॉक्टर देतात. कारण नसताना ती घेऊ नये, विशेषतः शाकाहारी स्त्रीने घेऊ नये.

‘विशेषतः’ असे म्हणण्यामागे आपल्याच मातीतला एक अभ्यास आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. त्या गरोदर स्त्रियांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणींमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले, तर फोलेटची, म्हणजे याच फोलिक जीवनसत्त्वाची, कमतरता जवळजवळ नव्हतीच. मुले सहा वर्षांची झाल्यावर असे दिसले की, ज्या मातांचे बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक होता. पुढे मधुमेह होण्याची ती पूर्वतयारी समजली जाते. फोलिक अ‍ॅसिड टाळावे असा याचा अर्थ मुळीच नाही. त्याच्या जोडीला बी-१२ पुरेसे असले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

बी-१२ वनस्पतीजन्य अन्नातून मिळत नाही. तुमच्यासारख्या शाकाहारी स्त्रीसाठी दूध, दही, ताक आणि पनीर एवढेच त्याचे स्रोत उरतात, आणि चहात घातलेल्या चार चमचे दुधाने ती गरज भागत नाही. रोज एक पेला दूध आणि एक वाटी दही किंवा दोन पेले घट्ट ताक स्वतःच्या वाट्याला यायलाच हवे. तरीही तुम्ही रक्तातील बी-१२ तपासून घ्यावे. ते कमी निघाले, तर केवळ दुधा-दह्याने ते लवकर भरून येत नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या किंवा इंजेक्शने घ्यावी लागतात. दिवस राहण्याआधीच ही उणीव भरून काढणे सर्वांत सोयीचे असते.

आता हिमोग्लोबिनविषयी. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय मानला जातो. तुमचे १०.४ आहे, म्हणजे दिवस राहण्याआधी उपचार हवेतच. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. तेव्हा यात एकट्या तुमचे काही चुकले असे समजू नका, पण ‘सगळ्यांचेच कमी असते’ म्हणून दुर्लक्षही करू नका. संपूर्ण गरोदरपणात शरीराला मिळून सुमारे १००० मिलिग्रॅम जादा लोह लागते. आधीच साठा रिकामा असलेल्या स्त्रीला ते केवळ अन्नातून त्या नऊ महिन्यांत मिळवता येत नाही.

म्हणून लोहाची गोळी डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. ती लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. शौचाचा रंग काळा झाला तर घाबरू नये. मळमळ किंवा बद्धकोष्ठता झाल्यास गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. हिमोग्लोबिन १२ वर गेले की गोळ्या थांबवण्याची घाई बहुतेक जणी करतात. साठा भरून निघावा म्हणून त्या पुढेही सुमारे तीन महिने चालू ठेवाव्या लागतात. नेमाने गोळ्या घेऊनही महिन्या-दीड महिन्यात हिमोग्लोबिन हलले नाही, तर बी-१२ ची कमतरता, जंत, पाळीत होणारा जास्त रक्तस्राव आणि थॅलेसेमिया किंवा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचे वाहकत्व (स्वतःला आजार नसून त्याचे जनुक अंगात असणे) यांचा शोध घ्यावा. विदर्भात आणि नंदुरबारच्या बाजूला सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील, तर बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता प्रत्येक गर्भारपणात चारांत एक असते. ही तपासणी दिवस राहण्याआधी झाली, तर पुढचे निर्णय शांतपणे घेता येतात.

गोळीच्या जोडीला अन्न हवेच. बाजरी, मटकी, मसूर, हरभरा, राजगिरा, तीळ, अळीव आणि हिरव्या पालेभाज्या यांत लोह असते, परंतु वनस्पतीतील लोह शरीर फार थोड्या प्रमाणात शोषते. ते शोषण वाढवण्याचे उपाय आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहेत. मटकीला मोड आणले की लोहाला बांधून ठेवणारे घटक कमी होतात. उसळीवर किंवा वरणावर लिंबू पिळले, जेवणात आवळ्याचे लोणचे किंवा पेरूची फोड घेतली, तर क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. भाजी लोखंडी कढईत केली तर तिच्यात थोडे लोह उतरते. याउलट जेवणानंतर लगेच घेतलेला चहा या सगळ्यावर पाणी फिरवतो. चहा आणि जेवण यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे. चहा-कॉफी सोडायची गरज नाही, मात्र दिवसाला दोन-तीन कपांवर जाऊ नये.

एकूण ताटाचा विचार करताना मला मुंबईतील एका प्रयोगाची आवर्जून आठवण होते. पुण्याच्या अभ्यासात असे दिसले होते की, गरोदरपणात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेणाऱ्या स्त्रियांची बाळे जन्मतः अधिक चांगल्या वाढीची होती. त्यावरून २००६ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील स्त्रियांना दिवस राहण्याआधीपासूनच रोज एक खाद्यपदार्थ देण्यात आला. काहींच्या पदार्थात पालेभाज्या, फळे आणि दूध होते, तर इतरांच्या पदार्थात बटाटा-कांद्यासारख्या भाज्या होत्या. सर्व स्त्रियांचा एकत्र विचार केला तर बाळांच्या वजनात ठळक फरक पडला नाही. मात्र गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून पालेभाजी-फळे-दुधाचा पदार्थ खाणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरले. गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण पालेभाजी-फळे-दुधाच्या गटात ७.३ टक्के, तर दुसऱ्या गटात १२.४ टक्के आढळले. कोणतीही महागडी पावडर न वापरता, साध्या भाजीपाल्याने आणि दुधाने हा फरक पडला. तो वेळेवर सुरू केलेल्यांना अधिक लाभला, हे मला फार मोलाचे वाटते.

तेव्हा रोज एक वाटी शिजवलेली पालेभाजी खावी. मेथी, शेपू, माठ, चाकवत, अंबाडी, शेवग्याचा पाला, जी हंगामात स्वस्त मिळेल ती चालेल. दिवसातून एक-दोन फळे घ्यावीत. पेरू, केळे, संत्रे, पपई, चिकू यांपैकी काहीही चालते, सफरचंदच हवे असे नाही. प्रत्येक जेवणात प्रथिनांचा एक पदार्थ असावा. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि पातळ आमटी अशा जेवणांतून ती पुरी होत नाहीत. घट्ट वरण, उसळ, पिठले, दही, पनीर, भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे यांची भर घालावी. गव्हाच्या पोळीबरोबर ज्वारी, बाजरी आणि नाचणीची भाकरीही आलटून-पालटून असावी. नाचणीतून कॅल्शियमही चांगले मिळते. अंडी आणि मासे खाणाऱ्या वाचक भगिनींसाठी हे काम सोपे आहे. रोज एक अंडे, आणि कोकणात-गोव्यात सहज मिळणारे बांगडा, तारली यांसारखे लहान मासे आठवड्यातून दोनदा खावेत. मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा साठत असल्याने ते या काळात टाळावेत.

हे सगळे ताटात असले तरी तुमच्या ताटात किती उरते, हा प्रश्न मी प्रत्येकीला विचारतो. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेली भाजी आणि सकाळची पोळी यांवर भागवणाऱ्या सुशिक्षित, कमावत्या स्त्रिया मी आजही पाहतो. उसळ घरात रोज शिजते आणि तिच्या वाटीत केवळ रस्सा येतो. यावर औषध नाही. घरातल्या माणसांबरोबर एकाच वेळी जेवायला बसणे आणि स्वतःची वाटी आधी बाजूला काढून ठेवणे, एवढेच करावे लागते. पतींनी हे उत्तर वाचावे, अशी माझी त्यांना विनंती आहे. सासूबाईंना हे सांगण्याची जबाबदारी सुनेची नसून मुलाची आहे.

उपवासांबद्दल मी आग्रहाने बोलतो, कारण आपल्याकडे मूल व्हावे म्हणूनच उपवास वाढवले जातात. श्रद्धेविषयी मला पूर्ण आदर आहे. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट असते. आठवड्यातून दोन-तीन दिवस साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर आणि चहा यांवर राहिल्यास प्रथिने आणि लोह दोन्ही कमी पडतात आणि रक्तातील साखर वर-खाली होत राहते. उपवास करायचाच असेल, तर राजगिऱ्याची भाकरी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, दही, दूध आणि फळे यांवर करावा आणि निर्जळी उपवास या काळात करू नये. उपवासाला सैंधव वापरण्यास हरकत नाही, परंतु रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच असावे. आरोग्याला चांगले म्हणून हल्ली अनेक घरांत रोजच सैंधव वापरले जाते. त्यात आयोडीन पुरेसे नसते, आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी आईच्या थायरॉईड ग्रंथीला आयोडीन लागतेच.

तुम्ही वजन कळवलेले नाही, म्हणून सर्वसाधारण सांगतो. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता येणारा आकडा आपल्याकडील स्त्रीसाठी १८.५ ते २२.९ च्या दरम्यान असावा. त्याहून बरेच कमी वजन असेल, तर शरीर स्त्रीबीज सोडणेच थांबवू शकते. अशा स्त्रीला वजन वाढवणे हाच उपचार असतो. वजन जास्त असून पाळी अनियमित असेल, पीसीओएसचे (संप्रेरकांच्या असंतुलनामुळे स्त्रीबीज नियमित न सुटण्याच्या विकाराचे) निदान झालेले असेल, तर वजन पाच ते दहा टक्क्यांनी कमी झाल्यावर अनेक जणींची पाळी पुन्हा नियमित येऊ लागते. म्हणजे ७० किलोच्या स्त्रीला साडेतीन ते सात किलो कमी करणे पुरेसे ठरू शकते. त्यासाठी उपाशी राहू नये. साखर, मैदा आणि तळण कमी करावे, भाताचा भाग आवरता घेऊन भाजी आणि उसळ वाढवावी, आणि रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालावे. अमेरिकेतील सतरा हजारांहून अधिक परिचारिकांच्या आहाराचा आठ वर्षे मागोवा घेणाऱ्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वनस्पती तुपासारख्या कृत्रिमरीत्या घट्ट केलेल्या तेलातील ट्रान्स मेदाचा स्त्रीबीज न सुटण्याशी संबंध दिसला होता. असा संबंध म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे. तरीही खारी, नानकटाई, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातील वडे आणि भजी कमी करण्यास हे कारण पुरेसे आहे. घरचे साजूक तूप दिवसाला दोन-तीन चमचे खाल्ल्याने काही बिघडत नाही.

आता पतीविषयी. मूल होण्यात अडचण येणाऱ्या जोडप्यांपैकी मोठ्या संख्येत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा स्त्रीच्या कारणाच्या जोडीने असते, आणि तरीही तपासण्या आणि पथ्ये यांची सुरुवात बहुधा बायकोपासून होते. तुमच्या पतींनी पहिले काम करायचे ते तंबाखू बंद करण्याचे. ‘अधूनमधून’ही नको. तंबाखू, गुटखा आणि विडी यांमुळे शुक्रजंतूंची संख्या, हालचाल आणि त्यांतील जनुकीय द्रव्याची गुणवत्ता घसरते. ग्रामीण भागातील ज्या स्त्रिया दात घासण्याच्या निमित्ताने मिश्री लावतात, त्यांनी तीही आताच सोडावी, कारण तीही भाजलेली तंबाखूच असते. मद्य दोघांनीही टाळावे. रात्रपाळीत उपाहारगृहातील वडापाव आणि चहा यांऐवजी घरचा डबा, मूठभर शेंगदाणे-फुटाणे आणि एक फळ बरोबर न्यावे. पुरुषांसाठी जस्त आणि फोलिक अ‍ॅसिड असलेल्या गोळ्या ‘शुक्रजंतू वाढवणाऱ्या’ म्हणून विकल्या जातात. अमेरिकेत सुमारे २,३७० जोडप्यांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांनी वीर्याची गुणवत्ताही सुधारली नाही आणि जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाणही वाढले नाही. व्यायामशाळेत कोणी ताकदीसाठी इंजेक्शने देऊ केली असतील तर ती कटाक्षाने नाकारावीत. टेस्टोस्टेरॉन बाहेरून दिल्यास वृषणातील शुक्रजंतूंची निर्मिती थांबू शकते.

याच कारणाने तुम्ही विचारलेल्या पावडरीविषयीही माझे मत प्रतिकूल आहे. त्यात असते काय, तर बहुधा दुधाची भुकटी, साखर, थोडी जीवनसत्त्वे आणि काही वनस्पतींचे अर्क. त्याच पैशांत दूध, फळे आणि डाळी येतात. आयुर्वेदिक उपचार घ्यायचे असतील तर ते नोंदणीकृत वैद्यांकडून, घटक लिहून घेऊन घ्यावेत. बिनलेबलच्या पुड्यांत शिसे किंवा पारा असण्याचा धोका खरा आहे. आणि मुलगा व्हावा म्हणून दिली जाणारी कोणतीही पुडी कोणी कितीही प्रेमाने दिली, तरी तोंडात घालू नये. हरियाणातील अभ्यासात अशा औषधांचा बाळातील जन्मजात व्यंगांशी संबंध आढळला आहे. मुलगा की मुलगी, हे पुरुषाच्या शुक्रजंतूवरून ठरते. आईच्या खाण्याने ते बदलत नाही.

वडीलधाऱ्यांच्या इतर पथ्यांबाबत मात्र मी एवढा कठोर नाही. पिकलेली पपई बेतात खाण्यास हरकत नाही. कच्च्या पपईच्या चिकामुळे गर्भाशय आकुंचन पावण्याची शंका असल्याने ती टाळावी. तीळ, गूळ, बाजरी ‘उष्ण’ म्हणून बंद करू नयेत, ती तुमच्या लोहाची साधने आहेत. अळीव, डिंक आणि खारीक यांचे लाडू बाळंतपणाआधी नकोत असे म्हणतात. तयारीच्या या काळात रोज एक छोटा अळिवाचा लाडू खाल्ला तर चालेल, मात्र दिवस राहिल्याची शंका आल्यावर अळीव थांबवावेत.

आहाराच्या मर्यादाही सांगायला हव्यात. बंद गर्भनलिका आहाराने उघडत नाहीत, वाढत्या वयाबरोबर कमी झालेला स्त्रीबीजांचा साठा वाढत नाही, आणि वीर्यात शुक्रजंतू मुळीच नसतील तर अक्रोड-बदामांनी ते येत नाहीत. तुमचे वय ३५ च्या आत आहे, म्हणून एक वर्ष नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. ३५ नंतर सहा महिनेच थांबावे, आणि पाळी फार अनियमित असेल तर थांबूच नये. आताच्या भेटीत हिमोग्लोबिन व बी-१२ बरोबर थायरॉईड, रक्तातील साखर आणि रुबेलाची प्रतिकारशक्ती तपासून घ्यावी. रुबेलाची लस लागली, तर ती घेतल्यावर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. मधुमेह असणाऱ्या स्त्रीने तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी ही तपासणी) ६.५ टक्क्यांच्या आत आणूनच पुढे जाणे श्रेयस्कर. रक्तदाब, फिट्स किंवा मुरुमांसाठी कोणतीही गोळी चालू असेल तर ती आधी डॉक्टरांना दाखवावी. काही औषधे गर्भाला अपायकारक असतात, आणि फिट्सची औषधे स्वतःहून बंद करणेही तितकेच धोक्याचे असते.

तुमच्या बाबतीत मी क्रम असा ठेवीन: फोलिक अ‍ॅसिड आजपासून, रक्ततपासण्या आणि लोहाची गोळी याच आठवड्यात, पतींची तंबाखू आजच बंद, आणि दीड महिन्याने हिमोग्लोबिनची फेरतपासणी. ते १२ च्या आसपास पोहोचेपर्यंत गर्भधारणा टाळता आली तर उत्तम. त्याआधीच दिवस राहिले, तर अपराधी वाटून घेऊ नका आणि काही बंदही करू नका. फोलिक अ‍ॅसिड चालू ठेवून लगेच जवळच्या प्रसूतितज्ज्ञांकडे किंवा आरोग्य केंद्रात नोंदणी करा आणि हिमोग्लोबिनचा हा अहवाल बरोबर न्या, म्हणजे पहिल्याच भेटीत लोहाचे उपचार ठरवता येतील.